जपानी भाषा नक्की कुणाला जमते?

अर्धा_कांजी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. सांभाळून घ्या.

गेल्या डिसेंबरात जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-२ पातळी पास झालो (एन-५ सर्वांत सोपी, एन-१ सर्वांत अवघड). चार वर्षांची मेहनत, त्यामुळे आठवडाभर हवेत होतो. मग कामासाठी एका जपानी कचेरीत फोन लावावा लागला. तानाका नावाच्या गृहस्थांशी बोलायचं होतं. पलीकडून एक बाई अतिशय गोड आवाजात म्हणाल्या, "तानाका वा तादाइमा सेकि ओ हाझुशिते ओरिमासु."

"सेकि" म्हणजे बसायची जागा. "हाझुसु" म्हणजे काढणं, निखळवणं. "तादाइमा" म्हणजे आत्ता या क्षणी. सगळे शब्द ओळखीचे, आणि डोळ्यांपुढे चित्र काय, तर तानाकासान पाना घेऊन खुर्ची खोलत बसलेत! मी तीनचारदा "हाइ, हाइ" म्हणालो आणि फोन ठेवून दिला. "ते आत्ता जागेवर नाहीत" एवढाच त्याचा अर्थ, हे संध्याकाळी कळलं.

आम्ही चौघांनी एकदम सुरुवात केली होती. एक मित्र एन-३ला दोनदा आपटला, पण जपानी माणूस भेटला की तासभर गप्पा हाणतो. एक मैत्रीण एन-१ आहे, वर्तमानपत्र सरसर वाचते, पण तोंड उघडायचं म्हटलं की घाम फुटतो. चौघांत सर्वांत हुशार जो होता तो तिसऱ्या महिन्यात सोडून गेला. आणि मी हा असा.

तर प्रश्न असा : तुम्ही जवळून पाहिलेल्या ज्या माणसांना ही भाषा खरोखर "आली", त्यांच्यात असं काय होतं? ॲपची यादी नको, ती सगळीकडे मिळते. माणसांबद्दल सांगा.

रिकामटेकडा

चिकाटी. धागा बंद करा आता.

अर्धा_कांजी

@रिकामटेकडा, चिकाटी हे निकाल लागल्यानंतर चिकटवायचं लेबल आहे हो. जो टिकला त्याला चिकाटी होती, जो गेला त्याला नव्हती. तो का टिकला हेच तर विचारतोय.

खडू_फळा

धागा आवडला. मी जपानी शिकवते, पंधरा वर्षं होत आली, त्यामुळे बरेच येणारे-जाणारे पाहिलेत. वर्ग कुठे गळतो ते आधी सांगते.

हिरागाना-काताकाना या दोन अक्षरमालांना कुणी सोडून जात नाही. ४६ आणि ४६ अक्षरं, महिन्याभरात येतात, आपल्याला काहीतरी जमतंय म्हणून सगळे खूश. पहिली गळती क्रियापदाच्या "ते-रूपा"ला. उ-त्सु-रुचं "त्ते", मु-बु-नुचं "न्दे", कुचं "इते", हे घोकून झाल्यावर "इकु"चं मात्र "इत्ते" का, असं विचारून काही जण जे रुसतात ते कायमचे. पण ही गळती किरकोळ. मोठी गळती दोन वर्षांनी लागते, प्राथमिक पाठ्यपुस्तकं संपली की. पुस्तकातलं प्रत्येक वाक्य तुमच्या मापाचं शिवलेलं असतं. बाहेरची जपानी कुणाच्याच मापाची नसते. एका पानावर वीस शब्द अनोळखी, कर्ता गायब, वाक्य संपता संपत नाही. इथे हुशार मुलं पटापट जातात.

दोन विद्यार्थी सांगते. एक मुलगी होती, वही छापल्यासारखी. प्रत्येक वाक्यात इथे "वा" हा प्रत्यय का आणि "गा" का नाही, याचा निकाल लागल्याशिवाय पुढच्या ओळीवर जायची नाही. तिचे प्रश्न उत्तम असायचे, कधीकधी मलाही घरी जाऊन वाचावं लागायचं. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीला ती थकली आणि गेली. त्याच वर्गात एक जण दिवसभर काम करून यायचा, डोळे मिटत असायचे. तो म्हणायचा, "बाई, थोडं कळलं, चला पुढे." मला वाटलं होतं हा पहिला जाणार. पण त्याच्या खिशात एक छोटी वही असायची. न कळलेलं एखादं वाक्य तो तीत लिहून ठेवायचा, दिवसाला एक किंवा दोनच. तीन-चार आठवड्यांनी येऊन सांगायचा, "ते त्या दिवशीचं होतं ना, ते काल कळलं." आज तो दुभाषा आहे.

माझ्यापुरतं उत्तर तिथे आहे. अर्धवट कळलेलं उशाशी घेऊन झोपता यायला हवं. पण ते अर्धवट आहे हे विसरताही कामा नये. पहिलं जमणारे पुष्कळ असतात, दुसरं जमणारे पुष्कळ असतात. दोन्ही एकाच माणसात क्वचित सापडतं.

निशिगंध

ती वहीवाली मुलगी मीच की काय असं वाटलं. नंतर लिहिते. वाचनखूण साठवलीय.

तळटीप

थोडी आकडेमोड, म्हणजे चर्चेला पाया येईल.

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची जी प्रशिक्षण संस्था आहे, ती आपल्या इंग्रजीभाषक अधिकाऱ्यांना जपानी शिकवायला ८८ आठवडे म्हणजे २२०० तासिका धरते. घरचा अभ्यास वेगळा. फ्रेंच-स्पॅनिशच्या तिपटीच्या आसपास जातं हे. अरबी, चिनी आणि कोरियन त्याच गटात आहेत. आता आठवड्याला चार तासांचा वर्ग लावणाऱ्याने २२००ला भागून बघावं. दहा वर्षांच्या पुढे जातो हिशेब. म्हणजे निव्वळ वर्गात बसून जपानी येणं गणितातच बसत नाही. ज्यांना येते त्यांनी उरलेले तास कुठूनतरी चोरलेले असतात.

दुसरं जेएलपीटीबद्दल. १९८४ साली सुरू झाली तेव्हा चार पातळ्या होत्या, २०१० पासून पाच झाल्या, मधली एन-३ तेव्हाची. एन-२ला १८०पैकी ९० आणि एन-१ला १०० गुण लागतात, शिवाय तिन्ही विभागांत ६०पैकी किमान १९. सगळं पर्यायी उत्तरांचं. बोलायचं एक अक्षर नाही, लिहायचं एक वाक्य नाही. त्यामुळे अर्धा_कांजी, तुम्ही फोनवर गडबडलात याचा एन-२शी काही झगडा नाही. त्या परीक्षेने तुम्हाला फोनबद्दल कधी विचारलंच नव्हतं. तुमची एन-१वाली मैत्रीण आणि एन-३ला आपटलेला मित्र, दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत.

गवतीचहा

तळटीपराव, ते २२०० तास इंग्रजी बोलणाऱ्यांचे. आपण मराठी माणसं अर्ध्या वाटेवर जन्मलोय, आणि गंमत म्हणजे बऱ्याच जणांना ते कुणी सांगतच नाही, कारण शिकवणी इंग्रजीतून होते!

बघा. क्रियापद शेवटी, तेही आणि आपणही. "ला, ने, त, हून" नामाच्या मागे, त्यांचंही तसंच. पण खरी मजा त्या ते-रूपात आहे, ज्याला खडू_फळाताईंच्या वर्गात लोक रुसतात. ते-रूप म्हणजे आपलं "-ऊन". "शिते मिरु", करून बघणं. "मिरु" म्हणजे बघणंच! "कात्ते ओकु", विकत घेऊन ठेवणं, आणि "ओकु" म्हणजे ठेवणं. "शिते मोराउ" हे जवळपास आपलं "करून घेणं". घराबाहेर पडताना ते म्हणतात "इत्ते किमासु", शब्दशः "जाऊन येतो". इंग्रजीतून शिकणारा यातल्या प्रत्येकाला वेगळा नियम म्हणून घोकतो. आपण नुसतं मान डोलावायचं.

सकर्मक-अकर्मक जोड्या घ्या. फोडणं-फुटणं, तोडणं-तुटणं, पाडणं-पडणं. जपानीत अशा जोड्यांची रांग आहे : वारु-वारेरु, ओतोसु-ओचिरु. आणि त्या वापरायची वृत्तीही तीच. हातातून पेला पडला तर आपण "मी पेला फोडला" म्हणत नाही, "फुटला" म्हणतो, जणू तो स्वतःहून फुटला. तेही "वारेता" म्हणून मोकळे. नादशब्दांचं तर विचारूच नका. छाती "दोकिदोकि" करते, तारे "किराकिरा" करतात, पाऊस कोसळला तर "झाआझाआ" आणि रिपरिप असेल तर "शितोशितो". धडधड, लुकलुक, रिमझिम म्हणत वाढलेल्या माणसाला हे परकं कसं वाटेल?

आणि हे ऐका. जपानी अक्षरांचा क्रम काय? अ इ उ ए ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. ओळखीचा वाटतो ना? बौद्ध धर्माबरोबर सिद्धम् ही संस्कृत लिहायची जुनी लिपी तिथे गेली, तिच्या अभ्यासातून हा क्रम आला असं मानतात. क-च-ट-त-प-य-र-व या ओळीची ती सावली आहे. "च"च्या जागी "स" बसलाय. आणि "न"नंतर "म"च्या आधी "ह" कसा घुसला, तर त्यांचा "ह" फार जुन्या काळी "प" होता. म्हणून आजही "ह"ला दोन तिरक्या रेघा दिल्या की "ब" होतो आणि छोटं वर्तुळ दिलं की "प". मला हे कळलं त्या दिवशी मी तक्ता पाठ करणं सोडून दिलं, तो आधीच पाठ होता.

खडू_फळा

@गवतीचहा, अगदी खरं, मी मराठीतूनच शिकवते ते याचसाठी. पण या सारखेपणाला खालून काटे आहेत. "देणं" आपल्याकडे एकच. त्यांच्याकडे मी दुसऱ्याला दिलं तर "आगेरु" आणि दुसऱ्याने मला दिलं तर "कुरेरु". मराठी विद्यार्थी हे वर्षानुवर्षं चुकतात, कारण पहिल्या दिवशी त्यांनी "देणं" म्हणून एकच कप्पा केलेला असतो. माझ्या एका विद्यार्थिनीला पाहुण्याने सांगितलं "केक्कोन शिते इमासु". तिने "शिते इमासु"चं "करतोय" केलं आणि मोठ्या उत्साहाने अभिनंदन करून लग्नाची तारीख विचारली. तो विवाहित होता, दोन मुलांचा बाप. तिथे ते रूप "झालेलं आहे आणि तसंच आहे" या अर्थाचं.

तिसरा काटा मला फार आवडतो. "मला थंडी वाजतेय" हे "सामुइ". पण "त्याला थंडी वाजतेय" म्हणायला नुसतं "सामुइ" चालत नाही, "सामुगात्ते इरु" म्हणावं लागतं, म्हणजे "थंडी वाजत असल्यासारखं दिसतंय". दुसऱ्याच्या आतलं तुम्हाला कसं ठाऊक? भाषाच अडवते.

जवळच्या भाषेतून येणाऱ्याला सुरुवात सोपी जाते, आणि मग आपलं कळलंय असं त्याला फार लवकर वाटतं.

रिकामटेकडा

ते वर्तुळ दिलं की "प" वालं भारी आहे. बाकी डोक्यावरून गेलं. पण कांजीचं, त्या चिनी अक्षरांचं, काय? दोन हजार चित्रं पाठ करायची म्हणजे माणूस आधी म्हातारा होईल.

निशिगंध

कांजीवर मी बोलते, कारण मी त्यात दोन वर्षं घातली आणि त्यातलं दीड वर्ष वाया.

नित्य वापराच्या अधिकृत यादीत २१३६ कांजी आहेत. तिथली मुलं त्यांपैकी १०२६ प्राथमिक शाळेतच शिकतात, पहिलीत ८०. मी ठरवलं, रोज पाच, सव्वा वर्षात खेळ खलास. उजळणीसाठी ते प्रसिद्ध कार्डांचं सॉफ्टवेअर घेतलं, आन्कि. नावाचा अर्थच पाठांतर. कल्पना जुनी आणि पक्की आहे : आपण कसं विसरत जातो हे एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून मांडलं होतं. विसरायच्या बेताला आलं की पुन्हा बघायचं, दर वेळी अंतर वाढवायचं. यंत्राची काही चूक नाही. चूक माझी, मी त्यात काय भरलं त्याची.

"जीवन" किंवा "जन्म" या अर्थाचं एक कांजी आहे, पाच रेघांचं, दिसायला गरीब. त्याचं कार्ड मी असं केलं : सेइ, शोओ, इकिरु, उमारेरु, हाएरु, नामा. घडाघडा म्हणून दाखवायचे. मग समोर "सेन्सेइ" आलं, वाचता आलं. "इश्शोओ" आलं तिथे अडले. "तान्जोओबि" आलं तर तिथे "जोओ", जो माझ्या कार्डावरच नव्हता. मला उच्चार सगळे येत होते आणि वाचता काहीच येत नव्हतं. शब्द पाठ असेल तर त्यातल्या कांजीचा उच्चार आपोआप बसतो. नुसत्या कांजीचे उच्चार पाठ असले तर शब्द येत नाही. हे मला कुणी ओरडून सांगायला हवं होतं. कदाचित सांगितलंही असेल.

दुसरी गोष्ट बरीच उशिरा दिसली. "निळा" अर्थाचं एक कांजी घ्या. त्याच्या डाव्या बाजूला पाण्याचे तीन थेंब लावले की "निर्मळ". थेंबांऐवजी सूर्य लावला की "निरभ्र". बोलण्याची खूण लावली की "विनंती". तांदळाची खूण लावली की "सत्त्व". आणि चारांचाही चिनी वळणाचा उच्चार "सेइ"! म्हणजे डावीकडचा तुकडा अर्थ सुचवतो, उजवीकडचा उच्चार. दर वेळी असं जुळत नाही, पण पुष्कळदा जुळतं. हे दिसायला लागल्यावर कांजी चित्रं राहिली नाहीत, आडनावासारखी वाटायला लागली. नवीन माणूस भेटला तरी घराण्याचा अंदाज येतो.

पण हे दिसायला निदान काही शे कांजी अर्धीमुर्धी ओळखीची व्हावी लागतात, म्हणजे परत ताईंचाच मुद्दा. मी एकेक पक्कं करत बसले म्हणून मला घराणी दिसलीच नाहीत.

तळटीप

+१. फक्त एक जोड. चिनी लोकांना कांजी आयती मिळतात म्हणून त्यांना जपानी सोपी, असं सर्रास म्हणतात. वाचनात फायदा आहेच, पण जी दोन कांजी जपानीत "तेगामि" म्हणजे पत्र, ती चिनीत शौचालयातला कागद. आणि जपानीत अभ्यासाला जो शब्द आहे, "बेन्क्योओ", त्याच कांजींचा चिनीत अर्थ होतो मनाविरुद्ध ओढूनताणून करणं. (शिकणाऱ्यांच्या दृष्टीने चिनी अर्थच जास्त खरा असावा.) असं असूनही, जपानी मातृभाषा नसलेल्या लेखकाला आकुतागावा हे जपानचं मानाचं साहित्य पारितोषिक पहिल्यांदा मिळालं ते २००८ साली, यांग यी या मूळ चिनी लेखिकेला. २०२१ मध्ये तैवानच्या ली कोतोमींना मिळालं.

रिकामटेकडा

एवढा खल कशाला? सरळ जपानला जाऊन राहायचं. सहा महिन्यांत पोपटासारखे बोलाल.

तळटीप

@रिकामटेकडा, लेखक लाफ्कादियो हर्न यांचं उदाहरण घ्या. १८९० साली जपानात गेले, १९०४ साली तिथेच वारले. सेत्सु ही जपानी बायको, जपानी नागरिकत्व, कोइझुमि याकुमो हे जपानी नाव. जपानच्या भुताखेतांच्या गोष्टी जगाला त्यांनी सांगितल्या. आणि चौदा वर्षांत त्यांची जपानी कुठवर आली? विभक्तिप्रत्यय नाहीत, क्रियापदांची रूपं नाहीत, अशी नवराबायकोची एक घरगुती बोली तयार झाली होती. तिला "हेरुन-सानची (म्हणजे हर्न यांची) भाषा" म्हणतात. सेत्सुबाई त्या मोडक्या भाषेत गोष्टी सांगायच्या. पुस्तकात बघून वाचू नको, तुझ्या शब्दांत सांग, असा यांचा हट्ट. त्यातून ते इंग्रजीत लिहायचे.

आता याला अपयश म्हणायचं का? मला तोंड उघडवत नाही. त्यांना हवं ते सगळं त्या बोलीतून मिळत होतं. पण म्हणूनच ती पुढे सरकली नाही. काम भागलं की भाषा थांबते.

वाटसरू

मी सध्या जपानातच असतो, नववं वर्ष. "जाऊन राहा म्हणजे येते" यावर दोन शब्द लिहायला हवेत.

इथे वीस वर्षं राहून दुकानापुरती जपानी बोलणारी माणसं मला माहीत आहेत. उलट उदाहरण सुमो पैलवानांचं. हाकुहो १९८५ साली उलानबातारला जन्मला, २००० साली पंधराव्या वर्षी जपानात आला, २००७ साली योकोझुना, म्हणजे सुमोतला सर्वोच्च दर्जाचा पैलवान, झाला. दूरचित्रवाणीवर त्याची मुलाखत लागली की डोळे मिटून ऐकावं, परका वाटत नाही. तीच गोष्ट इतर मंगोलियन पैलवानांची. त्यांना कुणी व्याकरण शिकवलं नाही. आखाड्यात सगळ्यांनी एकत्र राहायचं, धाकट्याने थोरल्याची कामं करायची, झाडलोट, निरोप, सगळं जपानीतून. चुकलं तर त्याच क्षणी कळतं, कारण थोरला भाऊ ओरडतो.

आम्हा कचेरीतल्या परदेश्यांना तेच मिळत नाही. तुम्ही तोडकंमोडकं काहीही बोला, समोरचा म्हणणार, "निहोंगो जोओझु देसु ने!" वा, काय छान जपानी! पहिल्या वर्षी मी हे ऐकून फुलायचो. माझी भाषा खरंच सुधारली तसं लोकांनी ते म्हणणं कमी केलं. चूक मात्र कुणी दाखवत नाही, तो अपमान होईल ना! मी तीन वर्षं एक चूक करत होतो. बाहेरचा फोन आला की साहेबांबद्दल "यामादा-सान वा इराश्शाइमासेन" सांगायचो. आपल्या हिशेबाने अगदी अदबशीर, "साहेब नाहीयेत". पण इथे बाहेरच्याशी बोलताना आपला साहेब हा आपल्याच घरातला माणूस. त्याचं आदराचं "सान" काढायचं आणि क्रियापद नम्रतेचं लावायचं, "यामादा वा ओरिमासेन". अर्धा_कांजी, तुम्हाला त्या बाई तानाकांबद्दल "सान" न लावता बोलल्या, "ओरिमासु" म्हणाल्या, आठवतंय? तेच. मराठी मनाला साहेबाला एकेरीत बोलल्यासारखं होतं, जीभ रेटत नाही.

शेवटी मी शेजारच्या टेबलावरच्या एका बुजुर्ग सहकाऱ्याला गाठलं. म्हटलं, दिवसातून माझी एक चूक सांगायची, एकच. तो आधी फार संकोचला. आठवड्याने कागदाचा चिटोरा देऊ लागला, तोंडी सांगत नसे. चिटोरे एका डब्यात साठवलेत.

निशिगंध

तो डबा म्हणजे ताईंच्या विद्यार्थ्याची खिशातली वहीच की! तुम्ही ती दुसऱ्याकडून लिहून घेतलीत एवढंच.

एक शंका. उपजत कान असावा लागतो का? मी "हाशि" कितीही वेळा ऐकलं तरी पूल की काड्या हे कळत नाही.

खडू_फळा

पहिला स्वर वर चढवून उतरला की काड्या, दुसरा चढला की पूल. कुणाला पटकन ऐकू येतं, कुणाला उशिरा, हे खरं आहे, नाकारत नाही. पण तोक्योचे आणि ओसाकाचे चढउतारही एकमेकांपासून वेगळे आहेत, आणि वाक्यात संदर्भ असतो. त्याआधी लांबी सांभाळा. "ओबासान" मावशी-काकू आणि "ओबाआसान" आजी. "किते" म्हणजे ये, "कित्ते" म्हणजे पोस्टाचं तिकीट. मराठी बोलताना आपण ऱ्हस्व-दीर्घ फारसं पाळत नाही, ती सवय इथे नडते. मला विचाराल तर चढउतारापेक्षा हे दसपट महत्त्वाचं.

वाटसरू

इथे मात्र मी ताईंशी असहमत. चढउतार पहिल्या वर्षीच कानावर पडले पाहिजेत, नंतर चुकीचे घट्ट बसतात. माझे बसलेत. वेगळा धागा काढू यावर, इथे भांडण नको.

दुसरं, अर्धा_कांजी, तुमच्या त्या एन-३ला आपटलेल्या मित्राबद्दल. तो ऐकताना काय करतो ते एकदा बघा. माझी पैज आहे की तो "ए, सोओ देसु का, नारुहोदो" असे हुंकार अचूक जागी देत असणार. जपानी बोलणारा माणूस दर अर्ध्या वाक्याला हुंकाराची वाट बघतो. आला नाही तर तो थबकतो, फोनवर तर "मोशिमोशि?" विचारतो. आपणही गोष्ट ऐकताना हं, बरं, मग, करतोच की. पण परीक्षेसाठी शिकलेला माणूस श्वास रोखून ऐकतो. आणि हो, तुम्ही जे "हाइ हाइ" केलंत त्याचा अर्थ "कळलं" असा होत नाही, "ऐकतोय" एवढाच होतो. म्हणजे तुम्ही खोटंही बोलला नाहीत!

गवतीचहा

अवांतर : जपानी साहित्याचे अभ्यासक डॉनल्ड कीन यांचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाच्या जपानी शाळेत शिकले. तिथून बाहेर पडल्यावर काम काय, तर हाती लागलेल्या जपानी सैनिकांच्या रोजनिश्या वाचायच्या. हाताने लिहिलेल्या, घाईच्या, कधी अर्ध्यावर संपलेल्या. शाळेतली छापील कांजी वेगळी आणि ही वेगळी. पण पुढच्या पानावर त्या माणसाचं काय झालं हे कळल्याशिवाय वही खाली ठेवता येते का? मग आयुष्यभर जपानी साहित्यच केलं, आणि २०११च्या भूकंपानंतर, २०१२ साली, वयाच्या नव्वदीत जपानचं नागरिकत्व घेतलं.

तळटीपरावांचे ते चोरलेले तास म्हणजे हेच असावेत. त्या वह्यांपुढे २२०० तास कोण मोजत बसेल.

अर्धा_कांजी

सगळ्यांचे मनापासून आभार. खडू_फळाताई, वही घेतलीय. वाटसरू, मित्राला भेटलो आणि मुद्दाम बघत बसलो. तुम्ही म्हणता तसंच. त्याला निम्मं कळत नव्हतं, त्याने मला नंतर ते खुशाल सांगितलं. पण हुंकार एकही चुकला नाही आणि समोरचा बोलतच राहिला. मी विचारलं, न कळलेल्या निम्म्याचं काय? म्हणाला, "जे महत्त्वाचं असतं ते माणूस पुन्हा बोलतोच." लिहून ठेवतोस का, विचारलं. नाही म्हणाला. तेव्हा कळलं तो एन-३ला का आपटतो.

काल परत तानाकासानना फोन लावला. त्याच बाई. या वेळी म्हणाल्या, "तानाका वा होन्जित्सु ओयासुमि ओ इतादाइते ओरिमासु." आज रजेवर आहेत, हे कळलं. पण रजा यांनी "इतादाकु" केली, म्हणजे नम्रपणे स्वीकारली, ती कुणाकडून, आणि ती मला का सांगताहेत नम्रपणे, ते नाही कळलं. "शोओचि शिमाशिता" म्हणून फोन ठेवला आणि वहीत तारीख घालून लिहिलं.

वाटसरू

ते "इतादाइते" तिथे शोभतं की नाही यावर जपानी लोकांतच मतभेद आहेत. चिटोरेवाल्या सहकाऱ्याला विचारून सांगतो.

रिकामटेकडा

कालपासून हिरागाना सुरू केलंय, हसू नका. "अ"पासून "म"पर्यंत आलो. कुणी सांगेल का, "नु" आणि "मे" हे दोन वेगळे कसे ओळखायचे? माझ्या डोळ्यांना सारखेच दिसतात.

खडू_फळा

शेपटीला गाठ असेल तर "नु". पुढे "रु" आणि "रो" येतील, तिथेही गाठच बघा.

रिकामटेकडा

अर्धं कळलं. चला पुढे.